नावाच्या शेवटचं शून्य

११ फेब्रुवारी, बाभुळगाव

रुपाली दुपारी आली आणि पाणीही न घेता म्हणाली, "काकू, तुम्ही पुण्याला कम्प्युटरच्या आतलं काम करत होत्या ना? वरवरचं नाही, आतलं?"

आतलं. आमच्या कंपनीत कुणाला इतक्या थोडक्यात सांगता आलं नसतं. मी नोकरीभर कंपायलर दुरुस्त केले. माणूस प्रोग्राम लिहितो आणि कंपायलर तो यंत्राच्या भाषेत उतरवतो. कंपायलरच चुकला तर बरोबर लिहिलेलंही वेडंवाकडं वागतं, आणि लिहिणारा बिचारा स्वतःला दोष देत बसतो. मी "हो" म्हटलं, तशी ती बसली.

तिच्या बचत गटाची डाळ मिल आमच्या मागच्याच रस्त्याला आहे. तिथे फाटकाजवळच्या टेबलावर तिच्या सासूबाई, वच्छलाबाई, पहिल्या दिवसापासून बसतात. गावोगावच्या बाया तूर आणतात, भरडून होईपर्यंत निंबाखाली बसून राहतात, आणि ज्याची डाळ निघाली त्याचं नाव वच्छलाबाई पुकारतात. मिलच्या धडधडीवरून जाणारा तो आवाज मला माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचा. महिन्याभरापासून येत नाही, हे माझ्या आज लक्षात आलं.

"घशात गाठी निघाल्या," रुपाली म्हणाली. "यवतमाळचे डॉक्टर म्हणाले, भीतीचं काही नाही, पण ओरडणं बंद. नाहीतर आवाज कायमचा जाईल. आता गटातल्या बाया म्हणतात, शीलाले बसवा टेबलावर, तिचा आवाज मोठा आहे. आत्याबाईले घरी बसवलं ना काकू, तर त्या…" सासूबाईंना ती आत्याबाई म्हणते.

तिने लाल दिव्यांचा, अक्षरं सरकवणारा एक बोर्ड मागवला आहे. त्यावर नावं दाखवली तर ओरडायची गरज नाही. पण त्याच्यासोबत आलेल्या प्रोग्रामला मराठी येत नाही. मार्चच्या दहा तारखेला गटाची सभा आहे आणि टेबलावर कोण बसणार ते तेव्हा ठरणार.

मी करून देते म्हटलं. संघदीपला फोनवर सांगितलं तर हसला. "आई, होळीनंतर तुला पुण्याला न्यायला येतोय, लक्षात आहे ना?" आहे म्हटलं.

१५ फेब्रुवारी

फार दिवसांनी इतकी छान दमले.

बोर्डातली चिप नखाएवढी आहे. तिच्यासाठी चार देशांतल्या हौशी लोकांनी मिळून केलेला एक फुकट कंपायलर मिळाला. त्यावर मी सी भाषेत माझी जुनी हत्यारं नव्याने घडवली: नाव उतरवून घेणं, दोन नावं जोडणं, लांबी मोजणं. तयार मिळतात, पण इतक्या लहान चिपमध्ये मावत नाहीत. शिवाय स्वतः लिहिण्यात सुख आहे. हे असते तर म्हणाले असते, "बाजारात लोणचं मिळत असताना कैऱ्या चिरत बसलीस."

नाव यंत्रात ठेवायचं म्हणजे अक्षरं एकापुढे एक खणांत ठेवायची आणि शेवटी एक शून्य ठेवायचं. ते शून्य दिसलं की यंत्राला कळतं, नाव संपलं. शून्य विसरलं तर यंत्र थांबतच नाही, पुढच्या खणात जे पडलेलं असेल ते वाचत सुटतं.

तपासायला नावं हवी होती. काय सुचलं असेल मला? कॉन्व्हेंटच्या सिस्टर. इंग्रजी अक्षरांत एकेक टाइप केलं: फिलोमेना, तेरेसा, ॲग्नेस. पुढे 'सिस्टर' न लावता, नुसती नावं! शाळेत असं कुणी बोललं असतं तर व्हरांड्यात उभं राहावं लागलं असतं. एकटीच हसले. बाबांनी छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घेतली तेव्हाच ठरवलं होतं म्हणे, की मुलगी झाली तर ती नन्सच्याच शाळेत जाईल. वसतिगृहात ठेवून परत निघाले तेव्हा फाटकापाशी रडलेले तेच, मी नाही. सिस्टर ॲग्नेसनी त्यांना खुर्ची दिली होती.

तिन्ही नावं बरोबर आली. मराठीत 'नलू' आणि 'यवतमाळ' टाकून पाहिलं. तेही बरोबर.

१९ फेब्रुवारी

आज बोर्ड लागला. मिलच्या पत्र्याखाली, टेबलाच्या वर.

मला वाटलं होतं नावं म्हणजे नाव-आडनाव असेल. छे! वच्छलाबाई टेबलाशी बसतात, आलेल्या बाईकडे एकदा पाहतात आणि रुपालीच्या कानात कुजबुजतात: "सोनूची माय." "मारोतरावची सून." रुपाली तेच टाइप करते. आधारकार्डावरचं नाव विचारलं की बाया एकमेकींकडे बघतात. वच्छलाबाईंना मात्र कोण कुणाची कोण हे पाठ आहे, आणि बायांना त्याच नावाने पुकारलेलं कळतं.

घोळ झालेला चालत नाही इथे. प्रत्येकीला आपल्याच तुरीची डाळ हवी असते. तेलपाण्याचा हात लावून, घरच्या गच्चीवर वाळवून आणलेली तूर. दुसऱ्याची डाळ कितीही चांगली असो, कुणी हात लावणार नाही.

पहिलं नाव आलं 'रामीबाई'. म्हाताऱ्या रामीबाईंना वाचता येत नाही, त्या बोर्डाकडे न बघता वच्छलाबाईंकडेच बघत होत्या. त्यांच्या पाठोपाठ शीलाची डाळ निघाली. शीला ही मिलमध्ये पोती भरते, तिची स्वतःची तूर होती. बोर्डावर आलं: 'शीलाबाई'.

शीला खूश. "पाह्यलं का? बोर्ड मले बाई म्हनते!"

वच्छलाबाई सुनेकडे वळल्या. खरखरत्या आवाजात म्हणाल्या, "म्या त नुसतं शीला म्हनलं होतं. बाई कायले लावलं तिले?"

"मी नाही लावलं जी," रुपाली म्हणाली.

रुपालीने शिष्टाचार म्हणून लावलं असणार आणि आता सासूसमोर कबूल करत नाही, असं वाटलं. चांगल्या वळणाची मुलगी आहे.

२० फेब्रुवारी

बोर्ड व्यवस्थित. वच्छलाबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. डॉक्टरांचा सल्ला फार काटेकोर पाळतात.

२४ फेब्रुवारी

शीलाचं दुसरं पोतं निघालं. तिच्या आधी तांड्यावरचे शंकरसिंग होते. बोर्डावर सरकत आलं: 'शीलासिंग'.

निंबाखालचा सगळा बायकांचा घोळका हसून लोळायचा राहिला. "व माय! शीलाले पगडी बांधा वं कोनी!" शंकरसिंगही हसले.

शीलाचा चेहरा लाल झाला. ती थेट टेबलाशी आली. "हे तुम्हीच करून राह्यल्या. मले टेबलावर बसवाचं चालू हाये म्हून माह्यी टर उडवून राह्यल्या सासू-सुना!"

वच्छलाबाईंनी तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. रुपालीने त्यांचा हात धरून ठेवला. मी मध्ये पडून म्हटलं, चूक बोर्डाची आहे, म्हणजे माझी. शीला म्हणाली, "मंग तुमीच बोर्डावर तुमच्या नावाले सिंग लावा."

चूक कुणाचीही असो, आधी आपल्या ओळी तपासायच्या, ही माझी जुनी सवय. कंपनीत नवी मुलं आल्या आल्या कंपायलरवर आळ घ्यायची. मी त्यांना म्हणायची, अगदी शेवटी घ्या तो आळ. वर्गात कुणाच्या हातून खडू मोडला की सिस्टर ॲग्नेस वळून बघायच्या, आणि आम्ही पाचसहा जणी आपण मोडला नसतानाही उभ्या राहायचो.

२५ फेब्रुवारी

दिवसभर माझी हत्यारं तपासली. नाव उतरवून घेणारी ओळ न् ओळ वाचली. शून्य शेवटी ठेवलेलं आहे. स्वच्छ दिसतंय. तरी नाव थांबत नाही. सिस्टरांची नावं पुन्हा घातली. तिघी शिस्तीत आल्या.

२७ फेब्रुवारी

आज खरोखर वाईट झालं.

मारोतरावांच्या सुनेची डाळ गेली. मग सोनूच्या आईचं नाव आलं, पण आलं ते असं: 'सोनूची माय', मग दोन चौकोन, मग 'सून'.

"सून? कोनाची सून?" निंबाखालच्या निम्म्या बाया सुनाच. पाच-सहा जणी उठल्या. गर्दीत पंजाबरावांच्या सुनेने पोतं उचललं आणि ऑटोत घालून घर गाठलं. सोनूची आई पाणी प्यायला गेली होती, परत येते तर पोतं नाही.

रुपाली तिला स्कूटीवर मागे बसवून पंजाबरावांकडे गेली. मीही ऑटोने मागोमाग गेले, घरी थांबवेना. पोचलो तेव्हा कुकरची शिट्टी झाली होती. पंजाबरावांची सून पदर तोंडावर धरून दारात उभी. "मले का माहीत! बोर्डानं सून म्हनलं, मी सून हाये."

सोनूची आई चुलीकडे बघत म्हणाली, "थे माह्यी डाळ हाये. बासमतीसारका वास हाये तिले." शेवटी दोघी हसल्या, पोतं परत मिळालं, आणि शिजलेली डाळ आम्ही सगळ्यांनीच भातावर घेऊन खाल्ली. खरंच वास होता तिला.

पण मिलमध्ये परतलो तर शीला सगळ्यांना सांगत होती, "बोर्ड काढा. दहा तारखेची वाट कायले पाहता? मी उद्यापासून पुकारतो, फुकट पुकारतो." आणि तिने तिथेच एक नाव पुकारून दाखवलं. आवाज खणखणीत आहे, हे मान्य करायला हवं. वच्छलाबाई टेबलावरचा कागद उगाच सरळ करत बसल्या होत्या. रुपालीने दहा तारखेपर्यंतची मुदत मागून घेतली.

१ मार्च

वच्छलाबाई आज पहिल्यांदा माझ्या घरी आल्या. डोक्यावर पदर, हातात आमच्यासाठी वांगी. 'आमच्यासाठी' लिहिलं. एकटीसाठी.

ओट्याशी उभ्या राहून त्यांनी घर पाहिलं, यांचा फोटो पाहिला, बुद्धाच्या मूर्तीपुढचं फूल सरळ केलं. मग कुजबुजत्या आवाजात विचारलं, "घरी काय म्हनत तुमाले? लहानपनी?"

"नलू."

"कोन म्हनते आता?"

"आता कुणी नाही."

मान हलवली. मग म्हणाल्या, "एक इचारू का? थो बोर्ड सुदरला, का मंग सोताच नाव टाकते? का कोनी सांगा लागते?"

मला आनंद झाला. यंत्रात रस घेणारं माणूस भेटलं की होतो. मी उत्साहाने समजावलं की आत्ता सांगावं लागतं, पण पुढे वजनकाट्याशी जोडून टाकलं तर पोतं ठेवलं की नाव आपोआप येईल, टेबलावर माणूसही लागणार नाही. अगदी सोपं आहे, मी करून देईन.

त्या चहा तसाच ठेवून उठल्या. "राहू द्या जी. काढून टाका थो बोर्ड."

चहात साखर जास्त झाली असावी.

३ मार्च

काही सापडत नाही. एक गोष्ट कळली: कंपायलरला 'हुशारी न करता जसं आहे तसं उतरव' असं सांगितलं की नावं बरोबर येतात. पण मग प्रोग्राम फुगतो आणि चिपमध्ये मावत नाही. म्हणजे चूक त्याच्या हुशारीत दडली आहे, किंवा माझ्या ओळींत असं काही आहे जे हुशारी केल्यावरच उघडं पडतं. दुसरंच असणार. मीच असणार.

संघदीपचा फोन. त्याने माझ्यासाठी खोली रंगवून घेतली आहे, फिकट पिवळी. चांगला रंग आहे. "बोर्डाचं झालं ना?" म्हणाला. मी म्हटलं, होईल, मग येतेच. त्याने विचारलं, "आई, तू खूश वाटतेयस, काय झालं?" चूक सापडत नाहीये म्हटलं.

४ मार्च

सापडलं! सिस्टर ॲग्नेसनी शोधून दिलं.

सकाळी टेबलाशी बसले आणि त्या नुसत्या नावांची लाज वाटली. साठी उलटली तरी वाटते. म्हणून, तपासण्यासाठी नव्हे, नुसतं बरं वाटावं म्हणून, तिघींच्या पुढे 'सिस्टर' लावलं. आधी सिस्टर फिलोमेना. मग सिस्टर ॲग्नेस. आणि बोर्डावर आलं:

सिस्टर ॲग्नेसमेना.

मी खुर्चीतून उठून उभी राहिले. खरंच उभी राहिले.

ॲग्नेसच्या नावापुढे फिलोमेनाचं शेपूट. म्हणजे शून्य पडलंच नाही. आधीचं लांब नाव खाली राहिलं आणि त्याचा उरलेला भाग डोकावला. शीलापुढे शंकरसिंगांचं 'सिंग'. सोनूच्या आईपुढे मारोतरावांची 'सून'. आणि त्या पहिल्या दिवशी शीलापुढे रामीबाईंचं 'बाई'! रुपालीने काही लावलं नव्हतं. चूक पहिल्याच दिवशी आमच्यासमोर येऊन उभी राहिली, आणि आम्हाला ती अदब वाटली.

मग मोजलं. इंग्रजी अक्षराला यंत्रात एक खण लागतो. मराठीत प्रत्येक अक्षराला तीन, काना-वेलांटीला नि मोडलेल्या पायालाही वेगळे तीन; मधल्या मोकळ्या जागेला एक. ज्या नावाचे खण चारने बरोबर भागले जातात, तेवढीच नावं बिघडतात. 'सिस्टर ॲग्नेस' इंग्रजीत बारा खण. 'शीला' बारा. 'सोनूची माय' अठ्ठावीस. नुसती ॲग्नेस, तेरेसा, फिलोमेना, एकही चारने भागली जात नाही.

शाळेत शिकवलं तसं पहिल्या दिवशी आदराने नाव घेतलं असतं, तर चूक माझ्या टेबलावरच सापडली असती, पंजाबरावांच्या कुकरपर्यंत गेली नसती.

५ मार्च

कंपायलरने माझ्या प्रोग्रामचं यंत्रभाषेत काय केलं, ते आज ओळीओळीने वाचलं. जुनं वाचन; डोळे लगेच रुळले. माझा प्रोग्राम एकेक खण उचलून ठेवत होता. कंपायलर म्हणाला, एकेक कशाला, चार-चार उचलू, पटकन होईल. ठीक आहे. पण नाव चारच्या गठ्ठ्यात बरोबर संपलं, की शून्य पुढच्या गठ्ठ्याच्या तोंडाशी येतं. तो गठ्ठा बघून कंपायलर म्हणतो, यात तर काहीच नाही, आणि शून्य न ठेवताच निघून येतो. ताटं उचलायला आलेल्याने शेवटचं ताट रिकामं दिसलं म्हणून मोजलंच नाही, तसं.

चूक माझी नव्हती. हे वाक्य लिहून थोडा वेळ त्याच्याकडे बघत बसले.

तूर्त बोर्डाच्या प्रोग्रामला ठिगळ लावलं: नवं नाव घेण्याआधी जुनं पूर्ण पुसायचं. संध्याकाळी रुपालीच्या हाती दिलं. मूळ कंपायलर दुरुस्त करायला सवड हवी. ते मी करणार आहे. ठिगळाने माझा बोर्ड सुधारेल. आणखी कुणाचा कुठेतरी बिघडत असेल, तो स्वतःला दोष देत बसला असेल.

६ मार्च

'शंकरसिंग', त्यापाठोपाठ 'शीला'. नुसती 'शीला'. तिने मुद्दाम मूठभर तूर आणून चाचणी घेतली. बोर्डाकडे बराच वेळ बघून म्हणाली, "बाई तरी ठेवाचं होतं."

वच्छलाबाई चहाला आल्या, रुपालीसोबत. बोलता बोलता मी सांगितलं की वजनकाट्याला जोडायचं ते राहिलं, ठिगळानंतर चिपमध्ये जागाच उरली नाही. शिवाय काट्याला सोनूची माय कोण हे कळणार नाही. आधारकार्डावरची नावं टाकावी लागतील, आणि ती कुणाला कळत नाहीत. तेव्हा टेबलावर माणूस लागणारच, आणि सगळ्यांची नाती पाठ असलेलं लागणार.

"लागनारच?"

"लागणारच."

आज त्यांनी दोन कप चहा घेतला. साखर मी मुद्दाम कमी घातली होती.

१० मार्च

सभा. मलाही बोलावलं होतं, पत्र्याखालच्या सतरंजीवर.

शीला उभी राहिली. मुद्दा तिचा बरोबर होता. "बोर्ड सुदरला, मान्य. पन वाचता कोनाले येते? रामीबाईले येते का? इचारा ना त्याहिले."

सगळ्या रामीबाईंकडे वळल्या. मी इतकी अक्षरं मोजली, पण ती वाचणारं माणूस मोजलं नव्हतं.

तेवढ्यात वच्छलाबाईंनी पाठीमागून पितळी परात काढली. घरून आणली होती, पदराखाली. पळीने तिच्यावर एकच टोला दिला. निंबावरचे कावळे उडाले. मग काही न बोलता त्यांनी हात लांब करून बोट रोखलं, थेट रामीबाईंवर.

रामीबाई उठून उभ्या राहिल्या. "आला का माह्या नंबर?"

काय हसल्या सगळ्या! रामीबाई म्हणाल्या, "मले वाचता नाही येत, पन वच्छलाचं बोट त दिसते ना. डोये नाही गेले अजून."

"ज्यांले वाचता येते थे बोर्ड वाचतीन," वच्छलाबाई कुजबुजल्या आणि रुपालीने ते मोठ्याने सांगितलं, "बाकीच्याहिले मी हाओ."

शीला खाली बसली. "परात मले द्या कधी कधी वाजवाले," म्हणाली. टेबल वच्छलाबाईंकडेच राहिलं. एकीनेही विरोधात हात वर केला नाही, मतं मोजावी लागली नाहीत.

बोर्ड काढा म्हणणाऱ्या वच्छलाबाई आज परात घेऊन का आल्या, हे मला काही समजलं नाही. म्हातारपणी माणसं लहरी होतात.

१२ मार्च

कंपायलरची दुरुस्ती पूर्ण. चार ओळी बदलल्या. पुन्हा वाचल्या, एक कमी केली. कंपायलर सांभाळणाऱ्याला पाठवून दिली. तो कुठल्या देशातला, बाई की बुवा, काही माहीत नाही. टोपणनाव तेवढं आहे.

१७ मार्च

होळी झाली. अंगणात पळसाची फुलं भिजवली होती, रुपालीच्या मुलाने सगळं पाणी माझ्यावरच ओतलं. साडीवरचा केशरी डाग गेला नाही तरी चालेल.

कंपायलरवाल्याचं उत्तर आलं. दुरुस्ती आवडली. पण त्याला चाचणी हवी: अशी काही नावं, जी जुन्या कंपायलरमध्ये बिघडतात आणि नव्यात बरोबर येतात. ती कंपायलरसोबत कायमची राहतील. जगात कुणीही, कधीही त्यात काही बदल केला, की आधी ही नावं एकेक करून उतरवून बघितली जातील, आणि सगळी बरोबर आली तरच बदल स्वीकारला जाईल.

संघदीप रविवारी येणार होता. त्याला म्हटलं, चाचणी लिहायची आहे, थोडं थांब. "आई, बोर्ड झाला, दुरुस्ती झाली, आता चाचणी?" असंच असतं म्हटलं.

२१ मार्च

चाचणीत घातलेली नावं: सिस्टर फिलोमेना, सिस्टर ॲग्नेस, शंकरसिंग, शीला, मारोतरावची सून, पंजाबरावची सून, सोनूची माय.

त्याने परत विचारलं आहे की 'सोनूची माय' हे गावाचं नाव आहे का. मी लांबलचक उत्तर लिहिलं. निंब, मिल, परात, सगळं. जरा जास्तच लिहिलं.

२४ मार्च

दुरुस्ती आणि चाचणी दोन्ही स्वीकारली गेली. दुपारी मिलमध्ये जाऊन वच्छलाबाईंना सांगितलं. त्यांना आधी पटेना.

"म्हंजे कोनी साता समुद्रापार बसला, त्यानं कायतरी बदललं, का आधी आपल्या सोनूच्या मायचं नाव पुकारन?"

"पुकारेल. रोज. रात्रंदिवस."

"आन मारोतरावच्या सुनंचं?"

"तिचंही."

"व बाप्पा! मारोतरावले सांगू नका, उद्या सुनंले कामच नाही सांगनार थो." मग पळीशी चाळा करत, दुसरीकडे बघत, हळूच: "माह्यं नाव हाये का त्याच्यात?"

घातलं नव्हतं. कागदावर मोजलं: 'वच्छलाबाई', सत्तावीस खण. चारने जात नाही. खरं तेच सांगितलं. "तुमचं नाव बिघडत नाही. कंपायलर चुकीचा होता तेव्हाही तुमचं नाव बरोबरच आलं असतं."

त्यांच्या खरखरत्या गळ्यातून हसू आलं. खूप दिवसांनी ऐकलं. "मंग! मी कधी चुकली का पुकाराले?"

घरी येऊन त्यांचंही नाव चाचणीत घातलं. नीट येणारं नावही तपासात असावं लागतं. त्यावरूनच बाकीच्यांचं बिघडणं कळतं. कंपायलरवाल्याने काही न विचारता ठेवून घेतलं.

२९ मार्च

आज मी तूर घेऊन गेले. माझं शेत नाही. बाजारातून दहा किलो आणली, तेलपाण्याचा हात लावला, गच्चीवर वाळवली. पहिल्यांदाच केलं, थोडी जास्त ओली राहिली असं शीलाने पोत्यात हात घालताच सांगितलं. संघदीपला न्यायची म्हटलं तर पुण्याला डाळ मिळते, हे मलाही माहीत आहे. पण मला आपल्या तुरीची हवी होती.

नाव सांगायला टेबलाशी गेले तर वच्छलाबाईंनी हातानेच मागे सारलं. "जा, निंबाखाली बसा. मले माहीत हाये."

निंबाला बारीक पांढरी फुलं आली आहेत. अंगावर पडत होती. शेजारी रामीबाई, पलीकडे सोनूची आई. मिलची धडधड, डाळीच्या चुनीचा वास, ऊन पत्र्यावर. शाळेतल्या व्हरांड्यात सुटीच्या दिवशी आपलं कोणी भेटायला येईल म्हणून बसायचो, तशी बसले होते. फक्त आज वाट बघणं जड नव्हतं.

परातीवर टोला पडला. वच्छलाबाईंचं बोट माझ्यावर. वर बोर्डावर लाल अक्षरं सरकत आली: 'आमची नलू'.

सरकून गेली, पुन्हा आली. मागे कुणाचं शेपूट नव्हतं. जिथे संपायचं तिथेच संपत होती. मी तिसऱ्यांदा वाचत होते तेवढ्यात मिलच्या आतून शीला अख्ख्या बाभुळगावला ऐकू जाईल अशी ओरडली,

"ओ नलूबाई! बोर्ड काय पाहून राह्यल्या? डाळ घ्या ना आपली!"